हळदीच्या वेळी कोण सरकते

४ एप्रिल
खुशबूचं एम.ए. म्हणजे काय, ते आज समजलं. लग्नाच्या सीड्या पाहणे! लोकांच्या पोरी पुस्तकं वाचतात, माही वऱ्हाड पाहते. म्हणे, ‘आई, हा व्हिडिओ निबंध आहे. शूटिंगमध्ये कोण दिसते, कोण नाही, त्याचा अभ्यास.’ कॉलेजच्या मॅडमनं मंजूरही केला. मॅडमले भांडी नसतील घासायला!

६ एप्रिल
सानगडीत घरोघरी फिरून सीड्या मागितल्या. जिथं जा तिथं — ‘रुपाची हळद एकवीसलाच ना?’ हो. माह्या लहान पोरीची हळद, अन् ती लावणार माही जाऊ पुष्पाबाई. टेकचंद भासऱ्यानं, माह्या नवऱ्याच्या मोठ्या भावानं, ठरवलं. ‘रुपाची आई, तुम्ही आतलं पाहा.’ नवरा मेला की बाईले आतलंच जास्त दिसते जसं!
मले लावायची आहे. बस.

९ एप्रिल
खुशबू एकच जागा थांबवून थांबवून पाहते. हळद सुरू झाली की उषाबाई गायब. पंगतीत हजर! दुसऱ्या लग्नात चंद्रकला गायब. दोघी विधवा.
‘कॅमेरावाल्यानं कापलं का वं?’
‘नाही आई. त्या आपल्याआपणच सरकतात.’
मोठा शोध! गावच्या कुत्र्यालेही माहीत आहे हे.
मग भासऱ्याच्या पोराच्या, योगेंद्रच्या लग्नाची सीडी लावली. कडेले एक हात, पदर ओढून मागं जाणारा. माहाच.
उठले. भात टाकला.

१३ एप्रिल
निबंधात आवाज माहा पाहिजे म्हणे. चौथी पास संशोधक! नाही म्हटलं. मग बोलले, एका दमात. शिव्याही गेल्या. म्हणे, ‘शिव्या ठेवते.’

१७ एप्रिल
टीव्हीवर घरच्यांले दाखवला. योगेंद्र दिसला तेव्हा भासरा खुश. मग माहा आवाज — ‘हा हात रुपाच्या हळदीत मागं नाही जाणार.’
भासरा उठला. ‘घरची गोष्ट टीव्हीवर कायले? रीत ते रीत!’
पुष्पाबाई म्हणे, ‘शूटिंग मस्त आहे.’
रुपा चहाचे कप उचलून आत गेली. नवरीच आत गेली, तर झालं. घ्या तुमचा अभ्यास.

२१ एप्रिल
मांडवात हळद, मी आत वांगे चिरून राहिली. रुपा पाटावरून उठली, पाट काखेत मारला, हळदीची वाटी उचलली, अन् थेट चुलीजवळ माह्यापुढं येऊन बसली. मागून कॅमेरा, मागून सारं वऱ्हाड. भासरा बाहेरून बोंबलते.
म्हणे, ‘लाव आई. मग चिर वांगे.’
वांग्याच्याच बोटानं हळद घेतली. नाकालेच लागली.