शेवटचा अंक पुसला तरी

प्रिय शेखर,

भाऊबीजेलाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. दरवर्षी सुती साडीवर भागवणारा माझा भाऊ यंदा लवळ्याला पैठणी घेऊन येतो काय, आणि माझ्या हातचा चहा दोनदा मागून पितो काय! साडी अजून कपाटात घडीतच आहे.

आता परवाचं ऐक. आमच्या वरच्या खोलीत मेहविश राहते, इथल्या कॉलेजात गणित शिकते. तिला आणि तिच्या मैत्रिणींना रविवारी आपल्या आबांच्या शेतात, भरे गावाला, ओला हरभरा भाजायला नेलं होतं. बुधवारी मी भाजी आणायला परत गेले, तर विहिरीच्या मोटारीच्या खोलीवर हे मोठे लाल आकडे! ७३९३९१३३. त्याखाली तीच संख्या, शेवटचा अंक गाळून. त्याखाली आणखी एक गाळून. असं करत तळाला नुसता ७. आपल्या मुळशीत दगडावर, भिंतीवर लाल आकडा दिसला की समजायचं, जमीन कुणाच्या तरी घशात चालली. आणि ही तर कडेकडेनं कुरतडत आणलेली! फोटो काढून तुला पाठवला, खाली एवढंच लिहिलं, हे काय रे?

संध्याकाळी मेहविशला दाखवला तर ती खो खो हसायलाच लागली. म्हणाली, मावशी, ते मीच लिहिलं, विटेच्या तुकड्यानं. मैत्रिणींना समजावत होते. या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही. शेवटचा अंक पुसला तरी जात नाही, पुन्हा पुसला तरी नाही, थेट सातापर्यंत. आणि असल्या संख्यांमधली हीच सगळ्यात मोठी, हिच्यापुढं एकही नाही म्हणे. माझा कुठला विश्वास बसायला! कॅल्क्युलेटर घेऊन बसले. तीननं भागलं, सातनं, अकरानं, सतरानं. मेलं दर वेळी दशांशाचं शेपूट! शेवटी मलाच हसू आलं. आबा असते तर म्हणाले असते, हेमे, तू प्रसादातही खडा शोधशील.

पण तुझं उत्तर त्याआधीच येऊन पडलं होतं. ‘ताई, घाबरू नको, हे आपल्या मोजणीचं नाही. मोजणीवाले सोमवारी येणारेत.’

शेखर, मोजणीचं नाव मी काढलं होतं का रे? मग पैठणीचाही उलगडा झाला. बहिणीला साडीचोळी करायची आणि हक्कसोडीवर सही घ्यायची, आत्याचीही अशीच घेतली होती. तू समोर बसून मागितलं असतंस ना, तर मी दिलीही असती सही. हे लिहिताना रडू येतंय, आणि तुझा रागही येतोय. आता सही नाही. सोमवारी मी बांधावर उभी असेन. पैठणी या पत्रासोबत परत पाठवतेय. घडी मोडलेली नाही, बघून घे.

अजूनही तुझीच,
हेमाताई