सगळं वरच्यावर सोपवलं, त्याची गोष्ट

प्रिय मावशीस,

प्रभूमध्ये अनेक सलाम. आम्ही सगळे त्याच्या कृपेने बरे आहोत (बाबा सोडून, त्यांना झालंय काय आणि त्याला मी कशी कारणीभूत, ते पुढे येईल). तुझे गुडघे कसे आहेत? काकांनी शेवटी कानात यंत्र बसवून घेतलं असं आई म्हणाली. म्हणजे आता तुला घरातही जपून बोलावं लागत असेल. दोघांसाठी रोज प्रार्थना करते.

पत्र लिहिण्यास कारण की, मी माझं रोजचं सगळं जगणं प्रभूच्या स्वाधीन केलं आहे, आणि त्यामुळे घरात हाहाकार उडाला आहे. झालं असं की, रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, आपण देवाला आठवड्यातली एक सकाळ देतो, तीही पेंगत; ज्यांना सगळं आयुष्य द्यायचं असेल त्यांनी उभं राहावं. मी ताडकन उभी राहिले. आईने बाही ओढली, "अगं बस, गीत सुरू नाही झालं अजून." सगळ्या मंडळीत मी एकटीच उभी होते. (शेवटच्या बाकावरचे दोघे उभे होते, पण ते निघाले होते.)

आता घरात पदवी घेतलेली पहिलीच मी, त्यामुळे कुठलीही गोष्ट अभ्यासक्रम आखल्याशिवाय मला सुरूच करता येत नाही. आधी झोप स्वाधीन केली. गजराचं घड्याळ कपाटात टाकलं आणि ज्याने दिवस दिला तोच उठवील असं म्हणून निजले. त्याने उठवलं, नाही असं नाही, पण आपल्या सवडीने. मग शत्रूंवर प्रेम करायला घेतलं, तर माझ्याकडे शत्रूच निघेना. बरीच शोधाशोध केल्यावर एक सापडला, आमच्या वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. मंडळीत तो खालच्या पट्टीत फार छान गातो, पण घरी रोज सकाळी दोरीवरच्या उड्या मारतो आणि आमच्या छताचा दिवा झुलत राहतो. मी प्रत्येक दणक्याला त्याला एक आशीर्वाद द्यायला लागले. महिन्याभरात तो आमच्या गल्लीतला सर्वांत आशीर्वादित माणूस झाला असेल. आईचं म्हणणं मात्र एकच होतं, "सगळं देवाला दिलंस ते चांगलं केलंस, पण भांडी कोण घासणार, देवदूत?"

खरा घोळ जिभेने केला. तोंडातून निघणारं प्रत्येक वाक्य त्याच्या गौरवासाठी असावं असं मी ठरवलं. पण ऑफिसात उठसूट त्याचं नाव घेणं बरं दिसत नाही, म्हणून नुसतं "वरचा" म्हणायचं असाही नियम केला. (भाषा विषयात मला पहिला वर्ग आहे, मावशी. हा शब्द निवडताना तो वर्ग कुठे गेला होता कोण जाणे!) तुला माहीतच आहे, मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. एक मुख्याध्यापिका दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या आणि रडवेल्या होऊन फोनवर आल्या. मी शांतपणे म्हटलं, "घाबरू नका, वरचा आहे. त्याला मनापासून हाक मारा." बाईंनी मारली. "अहो वरचे! अहो वरचे!" करून त्यांचा घसा बसला. आमचा मेकॅनिक तेव्हा त्याच इमारतीच्या तळघरात काम करत होता. त्याने ते ऐकलं, आपल्यावर दुसरा मेकॅनिक आणून बसवला असं समजला आणि रागाने हत्यारं गोळा करून चालता झाला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, हा वरचा कोण आणि कामावर कधी लागला? मी खरं ते सांगितलं. साहेबांनी लिहून घ्यायला पेन उघडलं आणि म्हणाले, "त्याच्याकडे लिफ्टचं लायसन आहे का?" आता मी गोदामात स्क्रू निवडते. तिथे बरं आहे. स्क्रू काही विचारत नाहीत.

एवढ्यावर शहाण्या मुलीने शब्द बदलला असता. पण त्याच सुमारास आत्याने बेकरीवाल्याचं स्थळ आणलं. माणूस वाईट नसावा, पण लग्नानंतर नोकरी सोडायची अशी अट. पदवी चालेल म्हणे, भिंतीवर टांगायला. बाबांनी माझं मत विचारलं. मी म्हणाले, "बाबा, लग्नाचं मी केव्हाच वरच्यावर सोपवलंय. तो म्हणेल तसं."

आई हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. "वरच्यावर? मग तो काही म्हणाला का?"

"अजून नाही. पण सकाळी त्याचं अगदी स्पष्ट ऐकू येतं. मी रोज वाट बघते."

"आणि तू काय कबूल केलंयस त्याला?"

"मी माझं सगळं देऊन टाकलंय, आई. शरीर, मन, आत्मा."

बाबांच्या हातातली कपबशी खाली आली. मला वाटलं, माझ्या श्रद्धेने त्यांना गहिवरून आलं.

पुढचं मला नंतर आईकडून कळलं. मी गोदामात असताना दोघं केक घेऊन वर गेले. बाबांनी दारातच विचारलं, "आमच्या मुलीचं आणि तुमचं जे चाललंय त्याचं काय?" डॉक्टरला वाटलं, दोरीची तक्रार घेऊन आले. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "चूक सगळी माझी. रोज सकाळी होतंय, मला कळायला हवं होतं. त्या तर एका शब्दाने बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा." बाबा म्हणाले, "मोठेपणा राहू द्या. आता निस्तरणार कसं?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि लग्न ठरलं.

संध्याकाळी आईने मला हे सांगितल्यावर मी तशीच जिना चढले. जीभ प्रभूला दिलेली, तेव्हा खरं सांगणं भाग होतं. मी सगळं सांगितलं, लिफ्टसकट. तो म्हणाला, बाबांनी कोटाचं माप विचारलं तेव्हाच त्याला उलगडा झाला होता.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"तोंडात केक होता."

"आणि नंतर?"

"नंतर सांगावंसं वाटलं नाही," तो म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणायला गेले, "मी हे वरच्यावर..." आणि अडले. समोर तोच उभा होता ना! मावशी, झोप दिली, जीभ दिली, पण लग्नाचं एवढं एक मी देवाला दिलंच नव्हतं. होय किंवा नाही म्हणायला लागू नये म्हणून मी देवाला पुढे करून त्याच्या मागे लपले होते. मी उत्तर न देताच खाली आले. (पायऱ्या उतरताना हसू येत होतं, ते कशाचं होतं याचा अजून अभ्यास केलेला नाही.)

पण बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मुलीने पाठीमागे काहीतरी चालवलं असं त्यांना वाटतं. कामावरून येतात, कोट खुंटीला लावतात आणि माझ्याकडे न बघता आत जातात. लग्नाची घाई करतायत, ती आनंदाने नाही, अब्रू झाकायला. खरं सांगायला मी दोनदा गेले. पण खरं सांगितलं की ते वर जाऊन शब्द परत घेतील, माफी मागतील आणि बेकरीवाल्याला बोलावतील. नाही सांगितलं तर आयुष्यभर माझ्याकडे असंच बघतील. माझ्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नाही. म्हणून हेही मी प्रभूच्या चरणी ठेवून स्वस्थ बसले आहे. तू अजिबात काळजी करू नकोस.

काकांना सलाम.

तुझी,
संपूर्ण समर्पित भाची

ता. क. मिळेल त्या गाडीने ये. आई जगात दोघांचंच ऐकते, एक प्रभूचं आणि एक तुझं. त्यातलं तुझं लगेच. तिला हाताशी धरून बाबांना समजावून सांग की त्यांच्या मुलीने त्यांच्यापासून काही लपवलं नाही, सगळा घोटाळा एका शब्दाचा आहे. मात्र इतकंही पटवून देऊ नकोस की ते लग्न मोडतील.

दुसरा ता. क. त्यांनी विचारलं, पोरीच्या मनात काय आहे, तर माझ्यातर्फे सरळ "हो" म्हणून सांग. बाबांसमोर माझ्याच्याने ते निघायचं नाही. प्रभूला कळवलं आहे. "तुझी इच्छा होवो" अशी प्रार्थना मी अजूनही रोज करते. फक्त हल्ली शेवटी "आणि ती हीच असो" एवढं जोडते, आणि त्याला सगळं ऐकू येतं हे ठाऊक असूनही ते जरा हळू म्हणते.