दोन शेवटांची सवय

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. डॉक्टरांनी आजपासूनच बोलणं कमी करायला सांगितलंय, म्हणून हा कागद. आई त्याचा फोटो काढून तुला पाठवेल. ती शेजारच्या खुर्चीत शब्दकोडं सोडवतेय, म्हणजे पेन्सिल चावतेय, आणि मी दोन ओळी लिहिल्या की खिडकी ते दार, दार ते खिडकी फेऱ्या मारतोय. नर्सनं दोनदा पलंगावर आणून बसवलं. मग म्हणाली, आजोबा, मैदान लहान आहे, जरा दमानं.

उद्या सकाळी ऑपरेशन. फोनवर तू 'येऊ का?' विचारलंस तेव्हा मी किरकोळ आहे म्हणालो. तसं ते नाही. गाठ स्वरयंत्राला किती चिकटलीय हे आत गेल्यावरच कळणार. आवाज राहील किंवा जाईल. शिवाय काहीही झालं तरी महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. आईनं डॉक्टरांना लगेच विचारलं, दोन महिने नाही का करता येणार? सगळे हसले. मग ती पाणी प्यायला बाहेर गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

सकाळपासून मला आमच्या वर्तमानपत्राचं ते जुनं क्रीडापान आठवतंय. आमच्याकडे सामना संपला की लगेच पान छपाईला सोडावं लागायचं. म्हणून मध्यंतरातच मी दोन बातम्या लिहून ठेवायचो, एक जिंकल्याची, एक हरल्याची. शिट्टी वाजली की फोन करायचा, हवी ती लागायची. हात इतका बसला होता की दोन्ही बातम्यांत माझे डोळे सारख्याच सहजपणे पाणावायचे. मग तो अंतिम सामना आला. आपण हरलो, मी ओरडून तसं सांगितलं, आणि पान लावणाऱ्यानं गडबडीत नेमकी दुसरीच बातमी उचलली. सकाळी गावभर आपण जिंकलो होतो! न्हाव्यानं मला खुर्चीत बसवून वर विचारलं, साहेब, मिरवणूक किती वाजता? गोलकीपरनं मात्र ते पान काचेत लावून घेतलं. म्हणाला, त्या दिवशी मी किती छान अडवलंय बघा.

त्याच्या त्या वाक्यानं मला स्वस्थ बसू दिलं नाही. एक अख्खं गाव छापलेलं खरं मानून चालतं, अशी गोष्ट लिहायला घेतली, तीच माझी पहिली कादंबरी. शेवट काही केल्या ठरेना. सवयीप्रमाणे दोन लिहिले आणि प्रकाशकाकडे दोन्ही नेऊन दिले. ते म्हणाले, अहो, वाचकानं काय नाणेफेक करायची? पुढच्या प्रत्येक कादंबरीला हेच झालं. कॉलम लिहिताना कादंबरी खुणावायची, कादंबरी लिहिताना मैदान. आई म्हणायची, हा माणूस जेवतानासुद्धा पुढच्या जेवणाचं बघत असतो.

रेडिओवाल्यांनी सामन्यांचं समालोचन करायला बोलावलं ते ती पहिली कादंबरी वाचून, आणि तिथंच काय तो मी थोडा शांत झालो. माइकसमोर दोन शेवट नसतात. चेंडू आहे तिथं आहे, तो दिसतो तसा सांगायचा, पुढचं तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. लोकांना वाटतं ही कला मी कुठे शिकलो असेन. मी ती आपल्या स्वयंपाकघरात ऐकलेली. तू स्टुलावर उभी, हातात पळी, आणि समोर चहा करणारी आई. 'आईनं पातेलं ठेवलं, आई मागे वळली, दूध वर आलं, आणखी वर आलं, आई अजूनही फोनवर... गेलं! दूध गेलं!' आई कावायची, अगं सांगतेस काय, गॅस बंद कर! तू म्हणायचीस, मी खेळत नाहीये, मी सांगतेय.

मग कधीतरी तू ते थांबवलंस. मोठी झालीस, पूल तपासायला लागलीस. तडा दिसला तर तडा लिहायचा, हे तुझं काम मला फार आवडतं. पण फोन आला की 'आईला दे' म्हणतेस, आणि मी देतो. आपल्या दोघांत बोलणारा मीच, आणि नेमकं तुझ्याशी काय बोलायचं ते मला समोर सामना चालू असल्याशिवाय सुचत नाही.

आज दुपारी मी तुला दोन पत्रं लिहिली. एक आवाज राहिल्याचं, त्यात विनोद होते. दुसरं आवाज गेल्याचं, त्यात धीर होता, आणि तो चांगला जमलाही होता. दोन्ही फाडली. आईनं तुकडे केराच्या डब्यात टाकले आणि पुन्हा शब्दकोडं घेतलं.

हे तिसरं एवढ्यासाठी की रविवारी अंतिम सामना आहे. माझ्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल, आणि ते मला ऐकवणार नाही. तू ये. इथं भिंतीवर टीव्ही आहे, त्याचा आवाज बंद करू. तू सांग. ऑफसाइड कळत नाही तर सोडून दे, खेळाडूंची नावं चुकव, हवं तर दूध उतू जाऊ दे. मला मध्ये एक अक्षर बोलता येणार नाही. अशी संधी तुला आयुष्यात मिळाली नव्हती.

तुझाच, उद्या सकाळपर्यंत तरी बडबड्या,
बाबा