कै. अंगदराव, वय साडेतीन महिने

तलवाडा,
मंगळवार, दुपार

ती. धनश्रीअक्का,

तुला नमस्कार, आणि ज्या गुडघ्यामुळे तू बारशाला आली नाहीस त्यालाही. (वाकतो का आता?) फोनवर बोलले की आई ऐकते, म्हणून पत्र.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान थोरली आत्या म्हणून तुझा. तो माझ्याकडे आला आणि तेव्हापासून मला काही कळेनासं झालं आहे. नातवाला दादांचंच नाव हवं, हा आईचा हट्ट तुला माहीत आहे. स्वप्नालीने विचारलं, अंगद म्हणजे काय? मी शब्दकोश काढला, तर निघाला बाजूबंद. आई म्हणाली, पन्नास वर्षांत फुटका मणी घेतला नाही त्या माणसानं, दागिना कशाचा! मग मी रावणाच्या दरबारात रोवलेला तो पाय सांगितला, जो कुणाच्यानं हलला नाही. हे मात्र तिला लगेच पटलं. (दादा बाजेवर बसले की गेवराईचं लग्नसुद्धा त्यांना उठवू शकत नसे.)

बारशात मी कानात 'अंगद' म्हणाले की सवयीने 'अंगदराव', हे आता खात्रीने सांगता येत नाही. डायरीत नुसतं 'नाव सांगितलं' एवढंच आहे.

पण खरी पंचाईत पुढेच. आई नवऱ्याचं नाव घेत नाही, स्वप्नाली सासऱ्याचं. (एम.एस्सी. आहे, पण आईसमोर नाही.) बजरंगला बापाच्या नावाने पोराला दटावायचा धीर होत नाही. आई पाळण्याशी 'अहो, दूध प्या' म्हणते आणि बजरंग ओसरीवरून विचारतो, कोण आलंय?

परवा लस द्यायला बाई आल्या. मी चकलांब्याला गेलेली, बजरंग रानात. त्यांनी बाळाचं नाव विचारलं. सासूसुनेने एकमेकींकडे पाहिलं आणि आईने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. बाईंनी फोटोखालचं नाव कार्डावर जसंच्या तसं उतरवलं: कै. अंगदराव. चूक बाईंची म्हणवत नाही, आईचीही नाही. मग माझी आहे का?

तुझी,
तुळजा

ता. क. खरं काम हे, की तू ये आणि हाक मारायला दुसरं एखादं नाव ठेव. आई म्हणते, "नाव हाय, पर हाक न्हाई. लेकरू वळून बघल कसं?"

ता. क. २. पाकीट बंद करता करता लिहिते. गुडघा सांभाळ, घाईने येऊ नकोस. मी झोपले आहे असं समजून आई आत्ताच पाळण्यावर वाकली आणि हळूच म्हणाली, "अंगद." मग थोडं थांबून, "लई सोपं हाय की." कुणाला म्हणाली, मला ठरवता येत नाही. पदर मात्र डोक्यावर घेतलेला होता.