एकट्या बाबांसाठी स्क्रीन

अमरावती

प्रिय मायाताई,

पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनच केला असता. पण बाबांचा विषय निघाला की तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि बोलणं तिथंच संपतं. कागद मात्र तू फार तर घडी घालून ठेवशील. पुन्हा उघडशील हेही मला माहीत आहे.

आधी माझ्या कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. मी नक्की काय करते, असं तू मागे विचारलं होतंस. ॲप उघडल्यावर माणसाची नजर आधी कुठे जाते, तो कुठे अडखळतो, कुठे वैतागून बंद करतो, हे बघायचं आणि त्याप्रमाणे स्क्रीन आखायच्या. कंपनी पुण्याची, मी बसते आपल्या मागच्या खोलीत. पूर्वी एका ॲपच्या स्क्रीन आखायला आम्हा सगळ्यांचे आठवडे जायचे. आता एआयला साध्या शब्दांत सांगितलं की चहा गाळून होईपर्यंत चार-पाच तऱ्हा समोर मांडलेल्या असतात, आणि त्यातली एखादी माझ्यापेक्षा चांगली असते. माझ्याबरोबर काम करणारा प्रीतम परवा मीटिंगमध्ये म्हणाला, "मग आता आपण करायचं काय?"  

बाबांना झटका आला तेव्हा तू दवाखान्यात आलीस, आईला बाहेरच भेटलीस आणि अकोल्याची गाडी धरलीस. आत काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. ज्या माणसाचा आवाज कंडक्टर असताना धारणीच्या एसटीत मागच्या सीटपर्यंत जायचा, तो पाण्यासाठी भांडं वाजवू लागला. आई चुकीची वस्तू घेऊन आली की बाबा तोंड भिंतीकडे करायचे.

मी डिझायनर आहे, म्हटलं हे तर माझंच काम. टॅबवर मोठी मोठी चित्रं मांडली: पाणी, जेवण, दुखतंय, संडास. खूप मन लावून केलं होतं गं. बाबांनी दोन दिवस बोटं लावली आणि तिसऱ्या दिवशी टॅब ढकलून दिला.

मग मी ते एआयच्या हाती दिलं. बाबा कशाला हात लावतात, किती वेळ थांबतात, कसला आवाज काढतात हे त्याला बघू दिलं, आणि स्क्रीन तूच बदलत जा म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळी चित्रं डावीकडे सरकवली आणि मला लिहून कळवलं की हे उजव्या अर्ध्या भागाला एकदाही हात लावत नाहीत, कदाचित त्यांना ती बाजू दिसतच नसावी. मी डॉक्टरांकडे गेले. खरं निघालं. ताई, महिनाभर आम्ही त्यांचं ताट वाढत होतो, भाजी उजवीकडे ठेवत होतो आणि ती तशीच राहते म्हणून त्यांना रागावत होतो. माणूस कुठे अडखळतो ते बघणं हाच माझा धंदा, आणि माझ्या घरातलं मला दिसलं नव्हतं. मी त्या टॅबकडे बघत राहिले. भीती वाटली म्हणू की हात जोडावेसे वाटले म्हणू, मला अजून ठरवता येत नाही.

पुढे मी त्याला बाबांचं जुनं बोलणं ऐकवलं, लग्नांचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचे निरोप. पहिल्यांदा ते "मला पाणी हवे आहे" म्हणालं तेव्हा बाबांनी असं तोंड केलं की आई हसली. आता ते "पानी दे वं" म्हणतं, बाबांच्याच आवाजात. आई म्हणते, "हे तं यायच्यावानीच बोलून राह्यलं." रोज सकाळी स्क्रीन वेगळी असते. बाबा थकलेले असले तर दोनच चित्रं, ताजेतवाने असले तर पुरी वाक्यं. आजवर मी लाखो लोकांना एकच स्क्रीन देत आले. ही जगात फक्त एका माणसासाठी आहे.

त्यात माझं म्हणशील तर एवढंच: बाबांनी 'हो' दाबल्याशिवाय त्यानं एक शब्दही मोठ्यानं बोलायचा नाही, हे मी ठरवलं. आणि 'यातलं काही नाही' असं एक बटण कायम ठेवायला लावलं. प्रीतमला मी तेच सांगितलं, की आपल्याला करायला हे उरलंय.

गेल्या रविवारी दुपारी बाबा ते बटण दाबतच सुटले. पाणी नाही, औषध नाही, बातम्या नाहीत. माणसांची नावं आली; आई नाही, मी नाही, मोझरीची आत्या नाही. घामानं डबडबले, पण टॅब सोडेनात. मी बंद करायला उठले, तेवढ्यात स्क्रीन रिकामी झाली आणि एकच ओळ आली: "ज्याचं नाव माह्याजवळ नाही, असं कोनी हाये का?" हे विचार म्हणून त्याला कोणीही शिकवलं नव्हतं. घरात जी नावं ऐकली तेवढीच त्याच्याकडे होती, आणि तू किशोररावांशी लग्न केलंस म्हणून बाबांनी तुला दार बंद केलं, तेव्हापासून अकरा वर्षांत तुझं नाव या घरात कोणी मोठ्यानं घेतलेलंच नाही. बाबांनी 'हो' दाबलं.  मी लिहिलं, माया. त्यांनी डावा तळहात त्या शब्दावर ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही.

एका वाक्यासाठी पुढे सगळी दुपार गेली. एआयनं "माया, तू घरी ये" असं सुचवलं, नाही. "मले माफ कर" असंही सुचवलं; बाबांनी त्याच्यावर बराच वेळ बोट धरलं, पण तेही नाही. शेवटी जुळलं ते मी जसंच्या तसं लिहिते: "माया, तू मले तुह्या घरी कवा नेतं?" आवाज तुला पाठवू का विचारलं, तर 'यातलं काही नाही' दाबलं. आणखी विचारत गेले तेव्हा कळलं, त्यांना ते वाक्य तुझ्या दारात, तुझ्यासमोर आणि किशोररावांसमोर स्वतः दाबायचं आहे. म्हणून हे पत्र. उत्तर फोनवर दिलंस तरी चालेल. फक्त तुमच्या दाराला पायऱ्या आहेत का ते सांग, म्हणजे चाकाची खुर्ची कशी चढवायची ते मला आधी बघता येईल.

तुझीच,
नीलू