लोखंडी जाळीचं घर

आई, आज मी चालवत होतो ती ट्राम त्या घरांच्या ओळीसमोर सिग्नलला थांबली आणि इतक्या वर्षांनी पुन्हा तू तिथे उभी दिसलीस. मेलबर्नला आलीस तेव्हा क्लेटन उपनगरातल्या माझ्या भाड्याच्या घरातून मी तुला मुद्दाम ती ओळ बघायला आणलं होतं. लांबून एकच राजवाडा वाटतो. प्रत्यक्षात भिंतीला भिंत लावलेली वेगवेगळी घरं. सोन्याच्या खाणींच्या पैशाने शहर फुगलं, तेव्हा कुणा बिल्डरने भाड्याने द्यायला बांधलेली. महाल दिसावा म्हणून मधल्या घरावर त्रिकोणी माथा. आणि पुढचा दगड हा दगड नव्हेच, विटांवरचा गिलावा, त्यात सांध्यांच्या रेघा ओढलेल्या. मला हे कोणी शिकवलं नाही. लायब्ररीतली पुस्तकं वाचून आणि फुटपाथवर उभं राहून शिकलो. तुझं लक्ष मात्र बाल्कनीच्या ओतीव लोखंडी जाळीकडे. "इथे माझा एक फोटो काढ. पदर नीट आलाय ना बघ."

तो फोटो तू पुण्याला हॉलमध्ये लावलास आणि आल्यागेल्याला सांगू लागलीस, "हे आमच्या धाकट्याचं घर." मी फोनवर चिडायचो. "आई, ते माझं नाही. सात जन्मांत परवडणार नाही."

"अरे, तूच म्हणालास ना, ते घर दगडाचं सोंग घेतं म्हणून? त्याला नाही रागावत तू!"

म्हणजे तू सगळं ऐकलं होतंस. पण मला चूक खपत नाही. पुढच्या खेपेला सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणार, असं मी तुला बजावलं होतं.

पुढची खेप तुझ्या तेराव्याची निघाली. हार घातलेला फोटो तोच होता, चेहऱ्यापुरता मोठा केलेला. तुझ्या खांद्यामागे जाळीचा एक तुकडा उरलेला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हेच ना रे तुझं घर? फार कौतुकाने सांगायची. हवा येते का आत?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी फोटोकडे बघत होतो.

"पुढच्या खोल्यांत येते, काकू. मधल्या जरा अंधाऱ्या, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती ना. जिना अरुंद आहे. शेकोटी संगमरवरी."

"अगंबाई! तिने आतलं कधी काही सांगितलं नाही."

कशी सांगणार होतीस? हा कागद ड्युटीच्या बॅगेतच राहील, म्हणून लिहितो. त्या घरात मी अजूनही पाऊल टाकलेलं नाही, आई. तपशील मात्र सगळे बरोबर होते.