निकेल की लिथियम

१२ मार्च
बर्फ वितळू लागला. पहिल्या उबदार पावसात बेडूक आणि पालीसारखे दिसणारे सॅलमँडर जंगलातून तळ्याकडे निघतील, आणि ते गाड्यांखाली सापडू नयेत म्हणून अर्धं गाव त्यांना उचलून रस्त्यापलीकडे ठेवेल. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने उचलायचं. जोड्या नोरीन लावते. गेल्या वर्षी तिच्या जोडीला मी होतो. दहा मिनिटांत टॉर्च विझला आणि माझ्या जागी क्लेटन गेला. दोष सेलचा. यंदा सेल मी अभ्यास करून निवडणार.

१५ मार्च, सकाळ
चार्ज होणारे दोन प्रकार माझ्या टॉर्चमध्ये बसतात. निकेल: करंगळीएवढे, तीन लागतात, स्वभावाने गरीब. लिथियम: एकच, जाडजूड, जोर दांडगा. हार्डवेअरवाला म्हणाला, बेडकांना काय फरक पडतो? अशा माणसांना दुकानं कोण काढून देतं?

२१ मार्च
थंडीची चाचणी. दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. जागा भरपूर. मस्टर्डची बाटली आणि अंडी, एवढंच असतं. लिथियम सरस. निकाल कोणाला तरी सांगावासा वाटला, म्हणून नोरीनला फोन केला. तिने बराच वेळ ऐकलं, मग म्हणाली, गॅसवर काहीतरी ठेवलंय. विषयात रस आहे तिला.

२९ मार्च
नोरीन लायब्ररीत भेटली. स्वतःहून विचारलं, यंदा टॉर्च चालेल ना? मी थोडक्यात, वीस-पंचवीस मिनिटांत, सांगितलं. म्हणाली, जो असेल तो आणा, फक्त काचेवर लाल कागद लावा. लाल कागदाने निम्मा उजेड फुकट जातो. वाद घातला नाही. समोर पाहिलं की पटेल.

३ एप्रिल, दुपार
पाऊस. नोरीनचा फोन: आज संध्याकाळी. जोडीला मी. लिथियम फुल चार्ज. निकेल ड्रॉवरमध्ये. दाढी केली.

४ एप्रिल
लाल कागद न लावताच टॉर्च लावला आणि रस्त्यावर दिवस उजाडला. सगळे बेडूक डोळे दिपून जागच्या जागी थिजले. हे मी वाचलेल्या कुठल्याच तुलनेत नव्हतं. तेवढ्यात वळणावरून दुधाचा टँकर आला. त्याने ब्रेक दाबला, म्हणून निभावलं. नोरीन चिडली नाही.

"वेंडेल, तो आधी बंद करा," ती म्हणाली. "आणि असं करा, तुम्ही त्या टोकाला उभे राहा. गाड्या थांबवायला हा उजेड छान आहे."

माझ्या जागी क्लेटन आला. त्याच्या टॉर्चच्या उजेडात धड पेपरही वाचता येणार नाही.

टोकावरचं काम जबाबदारीचं. कोणालाही देत नाहीत. त्यानंतर गाडी एकही आली नाही, तरी टॉर्च चालूच ठेवला. दोन तासांनी सेल निम्म्याहून जास्त शिल्लक. निकेलने एवढा दम धरलाच नसता. हे नोरीनला लगेच सांगावं म्हणून चालत तळ्यापाशी गेलो.

सगळे घरी गेले होते. मला सांगायचं राहून गेलं असणार.